आज फेरीबोट नाही, बाबा!

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण किती सहज वापरतो! चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या आजोबांना हसत हसत ऐकवतो, तेही हसतात. आमच्याही घरात ही म्हण अशीच वापरात होती. पण सहा वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, एका संध्याकाळी मला "अक्का" म्हणून हाक मारली आणि त्यानंतर ही म्हण आमच्या घरात कुणी उच्चारली नाही. अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती जाऊन वीस वर्षे झाली होती.

बाबा मूळचे पेडण्याचे. १९७० च्या आसपास मुरगाव बंदरात नोकरीला लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. डिचोली-साखळीकडच्या खाणींतले खनिज नदीतून बार्जेसने बंदरात यायचे, मोठी जहाजे लागायची, दिवसरात्र काम चालायचे. त्या शिफ्टच्या नोकरीवर त्यांनी सड्यावर छोटेसे घर बांधले, तीन मुलांची शिक्षणे केली, मुलीचे लग्न डिचोलीत लावून दिले. हिशेबाला चोख, शब्दाला पक्के. अशा माणसाला वीजबिल भरल्याचे आठवेना. एकाच बिलाचे पैसे घेऊन ते दोनदा बाहेर पडले, तेव्हाच खरे म्हणजे आम्ही सावध व्हायला हवे होते.

पण आम्ही काय केले? जे बहुतेक घरांत होते तेच. आधी थट्टा, मग चिडचिड, मग वाद. "बाबा, आत्ताच जेवलात ना!" "बाबा, हे तुमचेच घर आहे, कुठे जायचे म्हणता?" पहिल्या डॉक्टरांनीही "वय झाले, चालायचेच" म्हणून टॉनिक लिहून दिले. सासूबाईंनी तर शेजारीपाजारी कळू नये म्हणून बाबांना संध्याकाळी बाहेर बसणेच बंद करायला लावले. सगळ्यांत कठीण होती ती संध्याकाळ. दिवे लागायची वेळ झाली की बाबा उठायचे, पिशवीत टॉवेल-लुंगी भरायचे आणि दाराशी उभे राहायचे. "माका घरा वचूंक जाय!" मी समजावे, नवऱ्याने आवाज चढवावा, बाबांनी काठी आपटावी. असे रोज दोन तास. रात्री मी स्वयंपाकघरात रडत असे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळ पुन्हा होतीच.

मग एका पावसाळ्यात ते खरेच गेले. मी दळण आणायला खाली उतरले होते, सासूबाईंचा डोळा लागला होता. आले तर दार सताड उघडे आणि छत्री जागेवर नाही. आम्ही बोगद्यापासून बायण्यापर्यंत शोधले, बंदराच्या गेटवर विचारले. रात्री साडेआठला पोलिसांचा फोन आला. बाबा सड्यावरून वास्कोला उतरले होते, पणजीच्या बसमध्ये बसले होते आणि कुठ्ठाळीला उतरून नदीच्या दिशेने चालू लागले होते. बसच्या तरुण कंडक्टरला त्यांच्या बोलण्यात काहीतरी वेगळे वाटले, त्याने चौकातल्या पोलिसाला सांगितले. "आजोबा सारखे 'फेरीबोट चुकतली, फेरीबोट चुकतली' म्हणत होते," असे तो सांगत होता. त्या मुलाला फेरीबोट कुठली ते कळले नाही. आम्हाला मात्र लख्खकन उजाडले!

जुवारी नदीवरचा पूल झाला १९८३ साली. त्याआधी मुरगावहून पेडण्याला जायचे तर कुठ्ठाळीला उतरायचे, फेरीबोटीने आगशीला जायचे आणि पुढे पणजीची वाट धरायची. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बाबांची ही धावपळ चालायची. बोट चुकली की खोळंबा. म्हणजे रोज संध्याकाळी दाराशी उभा राहणारा माणूस आमच्या घराला कंटाळलेला नव्हता, सुनेवर रुसलेलाही नव्हता. तो पंचविशीतला तरुण होता, त्याची आई पेडण्याला वाट पाहत होती आणि त्याला बोट गाठायची होती.

असे का होते ते नंतर बांबोळीला डॉक्टरांनी समजावून सांगितले. स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो म्हातारपणाचा स्वभाव नव्हे, मेंदूचा आजार आहे. त्याचे प्रकार अनेक. त्यांत अल्झायमर सर्वांत जास्त आढळतो. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ साली पन्नाशीची एक बाई दाखल झाली होती. नवऱ्याचे नाव विचारले तर ती स्वतःचेच नाव सांगे. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात प्रथिनांची साचलेली पुटे आणि पेशींमध्ये झालेला गुंता दिसला. पुढे १९१० मध्ये या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला या आजारात बहुधा आधी इजा होते. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची फेरीबोट मात्र जशीच्या तशी उभी राहते. संध्याकाळी थकवा आणि अंधार यांमुळे गोंधळ वाढतो, हेही या आजारात नेहमीचेच.

तपासण्या करून घेणे का महत्त्वाचे, तेही तेव्हाच कळले. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, अगदी लघवीतला जंतुसंसर्गसुद्धा म्हाताऱ्या माणसाला असाच गोंधळात टाकतो, आणि यांवर उपाय आहेत. 'वय झाले' म्हणून घरी बसवले तर बरा होणारा माणूसही हातचा जातो. बाबांच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. अल्झायमरच होता, जोडीला जुना रक्तदाब. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी थोडी मदत होते. आजार बरा करणारे औषध अजून नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब या इंजेक्शनला पूर्ण मान्यता मिळाली, पण तेही अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी, आणि तिथेही आजाराचा वेग काहीसा कमी करण्यापुरतेच.

त्या दिवसापासून मी वाद घालणे सोडले. संध्याकाळी बाबा पिशवी घेऊन उभे राहिले की मी म्हणायचे, "बाबा, शेवटची फेरीबोट गेली. पाऊस केवढा आहे! आज इथेच वस्ती करूया, उद्या पहिल्या बोटीने जाऊ." बाबा क्षणभर विचार करायचे आणि पिशवी खाली ठेवायचे. "बरें तर. चाय कर." एवढेच! ज्या गोष्टीसाठी दोन तास युद्ध चालायचे, ती एका चहावर मिटू लागली.

हे खोटे बोलणे नाही का, असे तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारले. नवऱ्याला तर ते मुळीच पटत नव्हते. "आपल्याच बापाला फसवायचे?" पण एकदा बाबांनी त्यांच्या आईविषयी विचारले आणि नवऱ्याने खरे सांगून टाकले, "आजी गेली, बाबा. पंचेचाळीस वर्षे झाली." बाबा जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. त्यांच्यासाठी त्यांची आई त्या क्षणी वारली होती. अर्ध्या तासाने ते रडणे विसरले आणि पुन्हा विचारले, "आई खंय आसा?" तेव्हा माझ्या नवऱ्यानेच उत्तर दिले, "पेडण्याक आसा. पाऊस थांबलो की वचूया." त्याचे डोळे मात्र भरून आले होते. खरे सांगून कुणाचे भले होते, हे अशा वेळी माणसाकडे पाहून ठरवावे लागते, वाचकहो.

आता थोडे कडू बोलते. या आजारात रुग्णाइतकाच घाव बसतो तो सांभाळणाऱ्या बाईला, आणि तो घाव आजाराचा नसतो, बोलण्याचा असतो. माझ्या नणंदेने डिचोलीहून फोनवर सुनावले होते, "तुम्ही बाबांशी बोलत नाही, म्हणून ते असे झाले." मला वाटले, हे आमच्याच घरचे रामायण. पण नाही! डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातल्या वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे नीट ओळखता येत होती, कोकणीत त्याला 'नॅर्वां फ्राकेझ' असे नावही होते. पोर्तुगीजमध्ये 'फ्राकेझा' म्हणजे अशक्तपणा. पण हा आजार आहे, डॉक्टरकडे न्यावे, असे त्यांना वाटत नव्हते. काही जण म्हणत, वयाने होते. काही म्हणत, मुलासुनांनी हेळसांड केली, माया दिली नाही म्हणून होते. म्हणजे आजार बाबांना आणि आरोपी सून! असा समज असला की घरे दार लावून घेतात. माझ्या सासूबाईंनी बाबांना आत बसवले ते लाजेने नव्हे, या बोलण्याच्या भीतीने.

नणंदेला मी उत्तर दिले नाही. फक्त "आठ दिवस येऊन राहा" म्हटले. ती आली. तिसऱ्या रात्री दोन वाजता बाबांनी तिला उठवले आणि "माझे पाकीट तूच चोरलेस" म्हणून घर डोक्यावर घेतले. लाडकी लेक ती! सकाळी ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "वहिनी, तू हे रोज कसे करतेस?" त्या एका वाक्याने माझी वर्षाची थकवणूक अर्धी झाली.

त्यानंतर घरात बैठक झाली. आपल्याकडची रीत अशी की आईवडिलांना वाटून घ्यायचे, चार महिने या मुलाकडे, चार महिने त्या मुलाकडे. धाकट्या दिरानेही तेच सुचवले, प्रामाणिक भावनेने. पण स्मृतिभ्रंशाच्या माणसाला हे सोसत नाही. ओळखीची मोरी, ओळखीचा पलंग, खिडकीतून दिसणारे बंदर, यांच्या आधारानेच त्याचा दिवस चालतो. नव्या घरात त्याला रात्री संडास सापडत नाही, मग तो पडतो, घाबरतो, आणखी बिघडतो. म्हणून आम्ही ठरवले, फिरायचे ते आम्ही, बाबांनी नाही. महिन्यातला एक शनिवार-रविवार नणंद येते, एक दीर येतो. त्या चार दिवसांत मी सावंतवाडीला माहेरी जाते, तळ्याकाठी फिरते आणि झोपते. दुपारच्या दोन तासांसाठी एक बाई ठेवली, तिचे पैसे तिन्ही भावंडे भरतात. ज्यांना येणे जमत नाही त्यांनी पैशाने तरी खांदा द्यावा, हे स्पष्ट बोलायला मला दोन वर्षे लागली. तुम्ही एवढी वाट पाहू नका.

सांभाळणाऱ्याला आधार दिला की काय होते, याचाही अभ्यास आपल्याच गोव्यात झाला आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर हे काम केले आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मोठी यंत्रे नव्हती. स्थानिक भाषा बोलणारे, साधे शिकलेले कार्यकर्ते आठवडाभराचे प्रशिक्षण घेऊन सहा महिने घरोघर जात. आजार काय आहे ते सांगत, रागावणे-भटकणे कसे हाताळायचे ते समजावत, सरकारी योजनांची माहिती देत, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून देत. रुग्णांच्या स्थितीत फार मोठा फरक पडला नाही, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. मला तर हे वाचून फार धीर आला. कुणीतरी येऊन शेजारी बसणे हाही उपचारच आहे, फक्त तो घरच्यांसाठी!

आणि हे एका-दोघांचे दुखणे नाही. देशभरातल्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे शंभरांत सातांहून अधिक, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त. आपल्या कोकणात रेल्वे यावी म्हणून धडपडणारे जॉर्ज फर्नांडिस अखेरची वर्षे याच आजारात होते. २०१९ मध्ये ते गेले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट पाहिला नसेल तर घरातल्या सर्वांनी मिळून पाहा. त्यातले संस्कृतचे विद्वान प्राध्यापक हत्तीच्या मागे निघून जातात, आमचे बाबा फेरीबोटीच्या. विद्वान असो की बंदरातला कामगार, हा आजार कुणाला वेगळा न्याय लावत नाही.

अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. पहिली, आजार लपवू नका. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, रिक्षावाल्यांना, बसस्टॉपवरच्या फुलवालीला बाबांविषयी सांगून ठेवले आहे. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असतेच. त्यानंतर बाबा दोनदा बाहेर पडले आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत घरी आले.

दुसरी, कागदपत्रे वेळेवर करा. माणसाला समजते आहे तोवरच मृत्युपत्र, बँकेतले जोडखाते, नामनिर्देशन ही कामे उरकावीत. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले, असे समजू नका. देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते टिकत नाही. गोव्यात वारसाहक्काचा कायदा वेगळा आहे, तेव्हा वकिलाचा सल्ला घ्या. पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला आता पोस्टामार्फत घरबसल्या डिजिटल करता येतो. रुग्णाला रांगेत उभे करू नका.

तिसरी, मदत मागा. वृद्धांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि मन थकले तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. तो सांभाळणाऱ्यांसाठीही आहे, हे विसरू नका. चौथी आपल्या पिढीसाठी. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने म्हटले आहे की स्मृतिभ्रंशाचे जवळपास निम्मे, म्हणजे ४५ टक्के रुग्ण ज्या चौदा कारणांशी जोडलेले आहेत, त्यांवर काही ना काही करता येते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, एकटेपणा, आणि हो, कमी ऐकू येणे सुद्धा! बाबांना दहा वर्षे कमी ऐकू येत होते आणि आम्ही नुसते ओरडून बोलत राहिलो. कानाचे यंत्र तेव्हाच घ्यायला हवे होते, ही रुखरुख मला आहे.

शेवटी श्रावणातली गोष्ट. वास्कोचा दामोदर सप्ताह तुम्हाला ठाऊकच आहे. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा, चोवीस तास अखंड भजन. बाबा तरुणपणापासून तिथे टाळ धरायचे. संध्याकाळी पारांची आणि फेरीची गर्दी त्यांना झेपणार नाही, म्हणून दोन वर्षे आम्ही नेलेच नव्हते. गेल्या श्रावणात नणंदेने युक्ती काढली. बाबा पहाटे साडेचारला उठतातच, जुन्या शिफ्टच्या सवयीने. त्याच वेळी त्यांना देवळात नेले. गर्दी विरळ, समया तेवत होत्या, पहाटेचे भजनी बसले होते. कुणीतरी ओळखीच्याने हातात टाळ दिला. बाबा पाऊण तास बसले. ज्यांना मुलाचे नाव आठवत नाही, त्यांचा एक ठेका चुकला नाही. सूर-तालाच्या जुन्या आठवणी या आजारात पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात, असे डॉक्टर सांगतात.

परतताना रिक्षात बसल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "तूं कोणाली गे?" मी म्हटले, "मी तुमच्याच घरची, बाबा." "बरें जालें," ते म्हणाले, "आमकां फेरीबोट गांवतली मगे?" समोर बसलेली नणंद माझ्याआधीच म्हणाली, "आज फेरीबोट नाही, बाबा. घरा वचून चाय घेवया."

तुमच्या वाड्यावर असे कुणी दार लावून बसलेले घर असेल, तर या रविवारी तिथे जा. सल्ला देऊ नका. दोन तास म्हाताऱ्याजवळ बसा आणि त्या घरच्या बाईला सांगा, "तू जरा पडून घे, मी आहे."